बाकावरचा कॅप्टन

"लाइन गेलीय," नौशीन मान वर न करताच म्हणाली. ऑगस्टच्या पावसात जव्हारला हे वाक्य इतक्या वेळा म्हणावे लागे की ते तिच्या जिभेवर घर करून बसले होते. एकदा अम्मीने जेवायला हाक मारली, तेव्हाही तोंडून तेच गेले होते.

"येईल की," समोरून आवाज आला. "मी बसतो."

"कधी येईल सांगता येत नाही."

"मला तरी कुठं जायचंय..."

हे 'की' आणि 'कुठं' काही इकडचे नव्हते. तिने मान वर केली. डोक्यापासून पायापर्यंत निथळणारा एक तरुण दारात उभा होता. हातातल्या छत्रीची एक काडी मोडून लोंबत होती. तो आत आला, उजवा पाय थोडा ओढत भिंतीकडेच्या बाकावर बसला आणि हसला. हसला म्हणजे काय, ओठांचा एक कोपरा जरा वर गेला. पण आठवडाभर धुक्यात सूर्य न दिसलेल्या गावात तेवढेही पुष्कळ होते.

दुकान नौशीनच्या भावाचे, इमरानचे. एसटीडी, झेरॉक्स आणि आता नव्याने इंटरनेट. इमरान टेम्पो घेऊन नाशिक-भिवंडी करायचा, म्हणून गल्ल्यावर नौशीन. पायरीवर अब्बा, इदरीसभाई, पावसाळाभर छत्र्या दुरुस्त करत बसायचे. उरलेले वर्ष पत्र्याच्या ट्रंका. मागे घर. घरात ओल, दुकानात ओल. कॉम्प्युटरला बुरशी धरू नये म्हणून त्याच्यामागे दिवसभर एक पिवळा बल्ब जळत ठेवलेला असे. गावोगावच्या बायका ठाण्याला कामाला गेलेल्या नवऱ्यांना फोन करायला यायच्या आणि लाइन नसली की त्याच बल्बाशी हात शेकत बसायच्या.

त्या दिवशी लाइन संध्याकाळच्या थोडी आधी आली. तो खुर्चीत बसला आणि घाईघाईने काहीतरी करू लागला. नौशीनने काचेतून चोरून पाहिले. पडद्यावर हिरवे मैदान आणि त्यावर छोटे छोटे सदरे मांडलेले.

"गेम खेळता?" तिला हसू आवरेना. एवढ्या पावसात निथळत येऊन माणूस गेम खेळतो म्हणजे कमालच.

"टीम लावतोय," तो म्हणाला. "एक न्हाई, तीन."

त्याचे नाव मुदस्सर मुजावर. कोल्हापूरचा. मोखाड्याच्या सरकारी दवाखान्यात कंत्राटावर लॅब टेक्निशियन. पुढच्या शनिवारी तो परत आला, त्याच्या पुढच्याही, आणि नौशीनला हळूहळू सगळा प्रकार कळला. इंग्लंडात फुटबॉलचा नवा हंगाम नुकताच सुरू झाला होता. तिकडचे खरे खेळाडू निवडून आपण आपली टीम मांडायची. ते मैदानात जसे खेळतील तसे आपल्याला पॉइंट. दर शनिवारी तिकडचे सामने सुरू व्हायच्या आत कोणाला घ्यायचे, कोणाला बाकावर बसवायचे, कोणाला कॅप्टन करायचे ते ठरवायचे. कॅप्टनचे पॉइंट दुप्पट. मुदस्सरच्या टीमा तीन वेगवेगळ्या लीगमध्ये होत्या. एक कोल्हापूरच्या तालमीतल्या पोरांची, एक मिरजेच्या कॉलेजातल्या मित्रांची आणि एक अशी की जिच्यात जगभरातली ओळख ना पाळख अशी माणसे.

"एका टीमने भागत नाही?" तिने विचारले.

त्याने डोळे चोळले. "आठवडाभर मी काचपट्टीवरचं रक्त बघतो ओ. ताप, हिवताप, पोरांच्या अंगात रक्तच न्हाई... शनिवारी तेवढं अकरा धडधाकट माणसांकडं बघतो. एका टीमनं न्हाई भागत."

नौशीनला थट्टा करायची होती, ती ओठातच राहिली. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली, आणि मग दर शनिवारी ती आधी तीच बघू लागली.

पण तिन्ही टीमांमध्ये एक माणूस धडधाकट नव्हता. मधल्या फळीतला एक आयरिश खेळाडू. हंगामाच्या आधीच गुडघा मोडून बसलेला. त्याच्या नावापुढे कायम लाल खूण. पॉइंट शून्य. तरी मुदस्सर त्याला काढत नव्हता, जागा अडवून बाकावर ठेवत होता. नौशीनने त्याचे नाव जावईबापू ठेवले.

"काय म्हणतात जावईबापू? आजही बसूनच?"

"मान हाय त्यांचा."

"काम ना धाम, नुसता मान. आमच्यात असल्या जावयाला दुसऱ्या दिवशी पोहे मिळत नाहीत."

"मग तिसऱ्या दिवशी काय मिळतं?" त्याने तिच्याकडे बघत विचारले, आणि नौशीनला एकदम झेरॉक्सचे कागद सरळ करायची आठवण झाली. अब्बा पायरीवर खोकले. त्यांना खोकला नव्हता.

स्वतःच्या गुडघ्याचे त्याने असेच हसत हसत सांगितले होते. कोल्हापुरात तालमी-तालमींच्या फुटबॉल टीमा असतात; हा आपल्या तालमीकडून खेळायचा, डाव्या बगलेने पळायचा, गल्लीतली पोरे त्याच्या नावाने ओरडायची. मग एका सामन्यात पाय गेला. प्लास्टर घालून घरी पडला असताना धाकटा भाऊ धावत सांगत आला की तालमीच्या फळ्यावर नवी टीम लिहिलीय आणि त्यात तुझे नाव नाही. "घरापासून तालीम हाकेच्या अंतरावर," मुदस्सर म्हणाला होता. "कुणीतरी येऊन सांगायला पाहिजे होतं, एवढंच." आणि विषय बदलून त्याने चहा सांगितला होता. नौशीननेही ते ऐकले आणि सोडून दिले. ऐकलेल्या गोष्टीचे मोल तेव्हाच्या तेव्हा कळते असे थोडेच आहे.

मग मोखाड्याच्या रस्त्यावर दरड आली. एसटी बंद. शनिवारी दुपारी दुकानातला फोन खणखणला.

"तुम्हीच लावता का टीमा?" तिकडून खरखरीत आवाज. "पासवर्ड सांगतो..."

"माझ्यावर एवढा भरवसा?"

"दुसरं कोण हाय हितं..." मग, "आन् असतं तरी तुम्हालाच सांगितलं असतं."

पासवर्ड तिने कागदावर उतरवला नाही, डोक्यातच ठेवला. त्या दिवसापासून तीन लीगमधल्या तीन टीमा नौशीन चालवू लागली. कुणाची मांडी दुखावली, कुणाला पिवळे कार्ड, कोण कुणाविरुद्ध खेळणार, हे ती सकाळी दुकान झाडायच्या आधी बघून ठेवी. फुटबॉल तिने आयुष्यात पाहिला नव्हता. पण शनिवारचा तो फोन लांबावा म्हणून काहीतरी सांगण्यासारखे पाहिजे ना. पाच मिनिटे टीमांचे, आणि मग पाऊस, चिखल, त्याच्या खोलीत शिरलेला बेडूक, तिच्या अम्मीचे गुडघे... कधी दोघे काहीच बोलत नसत; नुसती खरखर ऐकत आणि फोन ठेवत नसत.

अशाच एका शनिवारी तो म्हणाला, "रमजान लागायच्या आत आईला घेऊन येईन म्हणतो... जव्हारला."

"जव्हारला काय आहे बघायला?" तिने विचारले. फोनची वायर ती बोटाला गुंडाळत होती.

"शिरपामाळ हाय म्हणत्यात."

"धुक्यात काही दिसत नाही तिथून."

"मग तुमच्या घरी येईल. धुक्यात घर तरी सापडेल की."

"आणा," ती म्हणाली. एवढेच. पण फोन ठेवल्यावर तिने जाऊन आरशात पाहिले आणि स्वतःलाच लाजली.

त्याला तिने एक गोष्ट सांगितली नव्हती. इमरानने भिवंडीच्या एका कारखानदाराच्या मुलाचे स्थळ आणले होते. माणसे चांगली, घर पक्के. रमजान लागायच्या आत हो म्हणायचे, असे भावाचे म्हणणे होते. अम्मी, अमीरबी, तर मनातल्या मनात दागिने घडवायला बसली होती. नौशीन गप्प होती, कारण तिला वाटत होते, त्याची आई आधी येईल. दोन स्थळे समोर असली तर अब्बा तिला विचारतील. एकच असले तर कोण विचारतो?

आणि इथे तिची चूक झाली. चूक म्हणावी तर इतकी छोटी, की दुसऱ्या कुणाला समजावून सांगायला गेले तर हसेल.

त्या आठवड्यात तिला मुदस्सरला जिंकवायचे होते. आनंदच तसा होता. तालमीच्या लीगमध्ये तो पहिल्या नंबरच्या अगदी जवळ आला होता; आई येईल तेव्हा पोरगा पहिला असावा, असले काहीतरी वेडे तिच्या डोक्यात. एक नवा पोरगा गोल करत सुटला होता, पण त्याला घ्यायला टीममध्ये जागा नव्हती. फोनही लागत नव्हता. मोखाड्याची लाइन सकाळपासून मेली होती. तिने तिन्ही टीमांमधून जावईबापूला काढले आणि त्या पोराला घेतले. पोराने दोन गोल मारले. मुदस्सर तिन्ही लीगमध्ये वर चढला, तालमीत तर पहिला.

पुढच्या शनिवारी रस्ता सुरू झाला आणि तो स्वतः आला. नौशीनने नवा दुपट्टा घेतला होता. तिने पडदा त्याच्याकडे वळवला आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

तो बराच वेळ बघत राहिला.

"ह्याला कधी काढला?"

"मागच्या शनिवारी. तुम्हाला सांगायला फोन लावला होता, पण... बघा ना, पहिले आलात."

"हां. बरोबर केलंत," तो म्हणाला. ओठांचा कोपरा वर गेला नाही. "न सांगताच काढतात."

मग त्याने दुसरेच बोलणे काढले. कंत्राट महिनाअखेरीला संपतेय, पुढे वाढवून घेत नाही म्हणाला. रजा शिल्लक आहे, ती जोडून या शुक्रवारीच निघतो. आईचे येणे आता होईलसे वाटत नाही. "टीमा राहू द्या तुमच्याकडं. माझ्यापेक्षा बऱ्या चालवता." तो बोलत होता शांतपणे, आणि नौशीनला काय झाले तेच कळेना. तिला आईबद्दल विचारायचे होते. पण मुलीने होऊन कसे विचारायचे? ती म्हणाली, "छत्री देऊन जा, अब्बा काडी बसवून देतील." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, चालतीय."

तो पायऱ्या उतरू लागला. एक पाय खाली, मग दुसरा ओढून त्याच पायरीवर. आधी शंभरदा पाहिलेले. पण त्या क्षणी तिला तालमीचा फळा आठवला, आणि सगळा उलगडा झाला. शून्य पॉइंटचा तो माणूस मुदस्सर का सांभाळत होता. आणि तिने, त्याच्या नौशीनने, न सांगता, अगदी हसत हसत कुणाला खोडून टाकले होते. हाक मारायला तोंड उघडले, तोवर एसटी स्टँडकडच्या धुक्यात तो दिसेनासा झाला होता.

तो आठवडा कसा गेला ते तिचे तिला माहीत. गुरुवारी तिने मोखाड्याला फोन लावला, तर तिथल्या माणसाने सांगितले की मुजावर कालच गेले. कोल्हापूरचा पत्ता नाही, नंबर नाही. रविवारी भिवंडीचे पाहुणे येणार म्हणून अम्मी शेवया भाजत होती. बाहेर तोच पाऊस. दोरीवरचे कपडे आठ-आठ दिवस वाळत नव्हते आणि साऱ्या घराला त्यांचा कुबट वास होता. रडायचे तर कुठे रडावे, घरात आडोसा नाही. ती झेरॉक्सच्या मशीनमागे जाऊन रडली.

शनिवारी दुपारी ती कॉम्प्युटरसमोर बसली. तिच्याकडे त्याचे काही नव्हते, तीन टीमांशिवाय. मग तिने तेच केले जे तिला करता येत होते.

आधी तालमीची टीम. गोल मारणारा पोरगा काढला. त्याच्या जागी लाल खुणेचा, मोडक्या गुडघ्याचा माणूस परत घेतला. काढलेला खेळाडू असा लगेच परत घेतला की पॉइंट कापले जातात; कापू दे. मग त्याला बाकावरून उचलून मैदानात ठेवले आणि त्याच्या नावापुढे कॅप्टनची खूण केली. वेबसाइटने दोनदा विचारले, हा खेळाडू जखमी आहे, नक्की का? नौशीनने दोन्ही वेळा हो म्हटले. तिला वाटले, असे कुणी तिला उद्या विचारले असते तर किती बरे झाले असते.

मिरजेची टीमही तशीच झाली. तिसरी, जगभरातल्या अनोळखी लोकांची, चालू असताना लाइन गेली. झाले की नाही कळायला मार्ग नव्हता. तो बघेल की नाही, तेही नव्हते माहीत. ज्याने टीमा सोडून दिल्या तो कशाला बघतोय! पण तालमीतली पोरे शनिवारी संध्याकाळी एकाच सायबर कॅफेत जमतात, असे त्यानेच सांगितले होते. पहिल्या नंबरच्या पोराने लंगड्याला कॅप्टन केला तर ती गप्प बसतील? एवढ्या एका आशेवर ती उठली आणि अम्मीला मदत करायला आत गेली.

रविवारी पाहुणे आले. मुलाची आई मायाळू होती, हीच मोठी अडचण. तिने नौशीनच्या हनुवटीला हात लावून "माशाअल्लाह" म्हटले. मुलगा खाली बघून बसला होता, बिचारा. इमरान एवढा खूश होता की स्वतः उठून पाणी देत होता. शेवया झाल्या, सरबत झाले, आणि आता मोठी माणसे बोलण्याला हात घालणार तेवढ्यात पुढे दुकानात फोन वाजू लागला.

"वाजू दे," इमरान म्हणाला.

तो थांबला आणि पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा अब्बा उठून गेले.

त्यांना यायला वेळ लागला. नौशीन स्वयंपाकघरात पडद्यामागे रिकामे ग्लास धरून उभी होती. अब्बा बैठकीत न जाता मागच्या दाराने तिच्याकडे आले. त्यांच्या बोटांना कायम छत्रीच्या तारांचा काळपटपणा असे; ती बोटे ते टॉवेलला पुसत राहिले.

"कोल्हापूरहून एक बाई बोलत होत्या," ते हळू म्हणाले. "आज रात्री निघतोय, पोराला घेऊन येतोय म्हणाल्या. पोराचा पाय अधू आहे, नोकरी सध्या नाही, मागाहून बोलणं नको म्हणून आधीच सांगते म्हणाल्या." ते थांबले. "तुला माहीत आहे हे?"

बैठकीतून इमरानचे हसणे ऐकू येत होते. अम्मी चुलीपाशी थिजून उभी होती.

"माहीत आहे, अब्बा," नौशीन म्हणाली.

"आणि?"

"आणि... मीच बोलावलंय त्यांना."

इदरीसभाईंनी तिच्या हातातले ग्लास काढून घेतले, मोरीत ठेवले आणि बैठकीत गेले. पाहुण्यांसमोर हात जोडून म्हणाले, मुलीचे मन विचारायचे माझ्याकडून राहून गेले होते, कसूर माझा आहे. भिवंडीची ती मायाळू बाई उठली. जाताना ती नौशीनकडे न बघता गेली, आणि ते नौशीनला पुष्कळ दिवस लागून राहिले. इमरानने काही भांडण केले नाही. त्याने बहिणीशी बोलणेच सोडले.

सोमवारी दुपारी मुदस्सर आणि त्याची आई आली. आई मागे अम्मीपाशी बसली. दोघींचे गुडघे दुखत होते, त्यामुळे बोलायला विषय होता. अब्बांनी एक अक्षर न बोलता मुदस्सरच्या हातातली छत्री घेतली आणि पायरीवर काडी बसवायला बसले. समोर इमरानचा टेम्पो उभा होता. इमरान आत स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, उतरत नव्हता.

मुदस्सर बाकावर बसला. नौशीन गल्ल्यामागे.

"तालमीतली पोरं लई हसली," तो म्हणाला. "म्हणाली, मुजावरला याड लागलं. मी म्हटलं, मी न्हाई केलं हे... आन् मग मला उठून बाहेर जावं लागलं."

"तिन्हीकडे झालं?"

"तिन्हीकडं. तिन्हीकडं खाली घसरलो."

"मला माफ करा," ती म्हणाली. "न सांगता काढलं, त्याबद्दल. खाली नेलं, त्याबद्दल नाही."

त्याचे डोळे भरून आले होते आणि तो ते लपवत नव्हता.

"तो यंदा खेळायचा न्हाई," बऱ्याच वेळाने तो म्हणाला. "डॉक्टर म्हणत्यात, पुढं पण सांगता येत न्हाई. शून्यच येणार दर शनिवारी."

नौशीनने टेम्पोकडे पाहिले. काचेवरून पाणी वाहत होते, भावाचा चेहरा दिसत नव्हता. मग तिने कॉम्प्युटर चालू केला, मागचा पिवळा बल्ब जरा बाकाच्या बाजूला वळवला, म्हणजे त्याच्या ओल्या पायाला ऊब लागेल.

"येऊ दे शून्य," ती म्हणाली. "कॅप्टन तोच."